शेजारचा ठिपका

४ एप्रिल, शनिवार

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद, आणि या वेळी त्यांच्या जोडीला पाठीत एक सणसणीत धपाटा. सख्ख्या बहिणीने ग्रह शोधला हे मला वर्तमानपत्रातून कळावं? जाहीर होईपर्यंत तोंड उघडायचं नाही ही तुमची शिस्त मला माहीत आहे. तरी धपाटा ठरलेला.

आम्ही दोघी खुशाल आहोत. आईचा गुडघा तसाच आहे. पण परवापासून त्याच गुडघ्यावर तिने तीन जिने चार वेळा चढउतर केले आणि अख्ख्या इमारतीला तुझा ग्रह दाखवून झाला. पेपरात आलेलं ते निळ्या समुद्राचं चित्र तिने कापून फ्रिजवर लावलंय. मी म्हटलं, "आई, तो फोटो नाही. कुणीतरी कल्पनेने रंगवलंय. खरा ग्रह कुणालाच दिसलेला नाही, ठमीलासुद्धा नाही." त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तुझे मार्क कापले.

फोन केला नाही असं समजू नकोस. सात वेळा केला. पाच वेळा लागला नाही आणि दोन वेळा एक मुलगी म्हणाली, मॅडम मुलाखतीत आहेत. शेवटी बाबांचा नियम आठवला की मोठी बातमी शाईने कळवायची, म्हणून हे पत्र.

इथे मला रस्त्याने चालणं अवघड झालंय. औषधाच्या दुकानातला, दातांचा डॉक्टर, खालच्या मजल्यावरची शिवणकामवाली, सगळ्यांचा एकच प्रश्न: "मग, माणूस तिथे जगेल का?" दातांच्या डॉक्टरने तर माझ्या तोंडात आरसा घालून विचारलं. मी "आं आं" केलं. ते उत्तर त्याला पटलं बहुतेक.

आईचे प्रश्न वेगळे आहेत. त्या ग्रहाच्या एका अंगाला कायम दिवस असणार हे तिला मी समजावलं.

"मग झोपायचं कधी?"

"पडदे लावून."

"आणि कपडे?"

"कपड्यांचं काय?"

"लवकर वाळत असतील ना?"

मी सांगितलं की तिथला सूर्य लहान आणि लालसर आहे, वर्ष अठरा दिवसांचं आहे, आणि हवा आहे की नाही हेच अजून कुणाला माहीत नाही. म्हणाली, "हवा असेल गं. एवढा मोठा ग्रह, थोडी तरी असेलच."

वीस तारखेला तू त्या मोठ्या सभागृहात याच प्रश्नावर बोलणार आहेस हे वाचलं. त्या भाषणानंतर मोठ्या दुर्बिणीचे तास तुला मिळणार की नाही हे ठरेल, आणि तुझी कायमची नेमणूकही त्यावरच अडली आहे, हे आईकडून कळलं. कधीपासून सांगत होते, एवढ्या वर्षांच्या तात्पुरत्या करारांनी माणूस भाड्याच्या खोलीसारखा होतो. आता तुझं एकदाचं बस्तान बसो.

तुझा लेख वाचला. चौथ्या पानापर्यंत फार छान आहे. म्हणजे पुढेही छान आहे.

एक विचारायचं होतं. राहू दे, भेटल्यावर बोलू. जेवत जा.

तुझी
ताई


९ एप्रिल, गुरुवार

ठमे,

काल तुझा फोन आला आणि आपण सहा मिनिटं बोललो. त्यातली पाच तू हसत होतीस. इतकी हसताना तुला मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. शेवटी तू म्हणालीस, "चौथ्या पानावर तुझ्या तपासणीची एक ओळ आहे बरं का. नाव घालता येत नाही, पण तपासणीच्या तक्त्यावर तपासनीस म्हणून तुझा सात नंबर दिसला आणि मी निश्चिंत झाले. ताईने पाहिलंय म्हटल्यावर मी पुन्हा पाहिलंच नाही."

मी म्हटलं, "बरं." आणि दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला. दूध नव्हतंच घरात.

आता लिहिते. कुठून सुरू करू तेच कळत नाही, तेव्हा माझ्या कामापासूनच करते. तुला ठाऊक असलेलंही लिहीन, कारण मला ते ओळीने मांडून बघायचं आहे. माझ्या डोक्यात सगळा गुंता झालाय.

लोकांना वाटतं मी दुर्बिणीला डोळा लावून बसते. मी अकरा ते सहा एका पडद्यासमोर बसते, शेजारी दुसरे तपासनीस, आमचे चष्मेवाले, बसतात आणि आमच्या दोघांत एक पंखा. तुम्हा मंडळींना एखाद्या ताऱ्याचा उजेड ठरावीक दिवसांनी किंचित मंदावताना दिसतो, तेव्हा तुम्ही म्हणता, पुढून ग्रह गेला. किती मंदावला त्यावरून ग्रह केवढा ते काढता. मग तो तारा आमच्याकडे येतो. आम्ही फक्त एवढंच बघायचं की तो एकटा आहे ना? त्याला चिकटून दुसरा एखादा मिणमिणता तारा नाही ना, जो लांबून त्याच्यातच मिसळून जातो?

आईला मी हे असं समजावलं होतं. लांबवर दोन दिवे शेजारी शेजारी आहेत, एक मोठा आणि एक बारीक, पण इथून एकच दिसतो. समोरून काहीतरी गेलं आणि उजेड जरासा कमी झाला. मोठ्या दिव्यापुढून गेलं असेल तर तो पतंगाचा चिमुकला किडा. बारीक दिव्यापुढून गेलं असेल तर तेवढाच उजेड अडवायला पतंग पुरणार नाही, कबूतर लागेल. ग्रहाचंही तसंच. तुझा ग्रह मोठ्या ताऱ्याचा असेल तर तो आपल्या पृथ्वीपेक्षा थोडासा मोठा, खडकाळ, उबदार. आणि जर बारीक शेजारी खरंच असेल आणि ग्रह त्याचा असेल, तर तो चौपट मोठा, सगळा वायूचा गोळा आणि थंडगार. पाय ठेवायला जमीनच नाही. मग तिथे जगायचं काय आणि मरायचं काय.

आम्हाला तारा नंबराने येतो, कुणाचा ते सांगत नाहीत. आंधळी तपासणी म्हणतात तिला. म्हणजे ओळखीपाळखीने कुणी डोळे झाकू नयेत. पण गेल्या सप्टेंबरात तू आईला फोनवर तुझ्या ताऱ्याचा नंबर सांगितला होतास आणि तिने तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवला, गॅसवाल्याच्या नंबराखाली. चहा करताना रोज माझ्या नजरेसमोर होता. ऑक्टोबरात तोच नंबर माझ्या पडद्यावर आला. नियमाने मी तिथेच उठून तो चष्मेवाल्यांकडे सरकवायला हवा होता. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले.

चित्रं नऊ होती. त्यातल्या सहांत ताऱ्याच्या खाली डावीकडे एक ठिपका आहे. तिनांत नाही.

दुर्बिणीच्या आरशाचा दोष असेल तर असा ठिपका जागचा हलत नाही. खरा तारा असेल तर नऊ चित्रांत आकाशाबरोबर थोडा फिरतो. माझा ठिपका फिरतो असं वाटतं. म्हणजे फिरतो, पण इतका कमी की माझीच नजर हलली असेल असंही वाटतं. बातमी आल्यापासून रोज जेवणाच्या सुट्टीत मी ती नऊ चित्रं उघडते. पडदा पुसला. चष्मा पुसला. सोमवारी मला पक्कं वाटलं की तारा आहे. मंगळवारी वाटलं, कसला तारा, डाग आहे. काल मला सातव्या चित्रातही तो दिसला, जिथे तो आधी नव्हता. आता मी माझ्या डोळ्यांवर किती भरवसा ठेवू?

आमच्या तक्त्यावर तीन चौकोन असतात. शेजारी आहे. शेजारी नाही. सांगता येत नाही. तिसऱ्या चौकोनासाठीच ही अशी चित्रं असतात. पण तिसऱ्यावर खूण केली की तारा रांगेच्या शेवटी जातो आणि पुन्हा त्याचा फोटो निघायला वर्ष लागतं. तुझा करार डिसेंबरात संपत होता, आणि हा तारा हातात नसता तर तो वाढला नसता.

मी "शेजारी नाही" वर खूण केली.

हे लिहून झालं. पण अजून एक राहिलंय, आणि तेच मला लिहायचं नाहीये.

का केली? मी स्वतःला सांगत होते की तुझ्यासाठी केली. एकोणीस वर्षांपूर्वी माझाही एक तारा होता, तुला आठवत असेल, तू तेव्हा शाळेत होतीस. माझ्या तपासनिसाने तिसऱ्या चौकोनावर खूण केली. प्रामाणिक माणूस होता तो. वर्षभराने फोटो निघाला तेव्हा तारा स्वच्छ एकटा निघाला, पण तोवर दुसऱ्या कुणीतरी त्याचा ग्रह जाहीर केला होता. त्यानंतर मी शोधायचं सोडलं आणि तपासायला बसले. तेव्हा तुझ्या वाट्याला ते येऊ नये म्हणून मी डोळे झाकले, असं मी सहा महिने स्वतःला सांगितलं. ऐकायला बरं वाटतं.

पण बातमी आली त्या दिवशी खालची शिवणकामवाली म्हणाली, "तुमच्या बहिणीने नाव काढलं हो! तुम्ही पण त्याच लायनीत ना?" आणि मला आनंद झाला नाही. मला तुझा हेवा वाटला, ठमे. सरळ, साधा, जळजळीत हेवा. आणि लगेच मनात आलं, तो ठिपका आहे ना.

आता मला कळत नाही. ऑक्टोबरात खूण करताना माझ्या मनात काय होतं? तू वर चढावीस म्हणून केली, की तू इतकी वर चढावीस की पडलीस तर सगळ्या जगाने बघावं? मी खूप आठवून बघते. खुर्ची आठवते, पंखा आठवतो, चष्मेवाले पेन्सिल तासत होते ते आठवतं. मन काही आठवत नाही. जेवणाच्या सुट्टीत चित्रं बघताना मी देवाला म्हणते, डाग असू दे. आणि एखादं मिनिट असं येतं की वाटतं, तारा असू दे. एकच मिनिट. मग मी उठून तोंड धुऊन येते.

पुन्हा फोटो काढून बघावा तर तारा आता सूर्याच्या मागे गेलाय. ऑगस्टशिवाय दिसायचा नाही. तुझं भाषण वीस तारखेला.

ठिपका खोटा असेल, तर मी उगाच तुझ्या आनंदात विष कालवते आहे. ठिपका खरा असून ग्रह मोठ्या ताऱ्याचा असेल, तर फारसं काही बदलत नाही, तुझी आकडेमोड उन्नीस-बीस होईल इतकंच. आणि तिसरं, म्हणजे ग्रह त्या बारीक शेजाऱ्याचाच निघाला, तर तू भर सभागृहात लोकांना अशा जागी राहायला बोलावशील जिथे उभं राहायला जागा नाही, आणि ऑगस्टनंतर तुला कुणी पुन्हा विचारणार नाही. तिन्हींतलं कुठलं, ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

तूच सांग मी काय करू. नेहमी मी तुला सांगायचे, आज तू सांग. हे पत्र मन फिरायच्या आत कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून येते.

तुझी
ताई


१३ एप्रिल, सोमवार

चि. ठमी,

या पत्रासोबत आत आणखी एक बंद पाकीट आहे. ते फोडू नकोस. आधी हे पूर्ण वाच.

त्यातलं पत्र मी गुरुवारी लिहिलं आणि तेव्हाच टाकायला गेले होते. अर्धं पेटीच्या फटीत होतं, अर्धं माझ्या हातात. मागे एक गृहस्थ पत्र घेऊन उभे होते. म्हणाले, "बाई, टाकताय की काढताय?" मी बाजूला झाले, त्यांनी त्यांचं टाकलं आणि मी तिथेच उभी.

कारण त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच गोष्ट स्वच्छ झाली. बाकी सगळं अजून गढूळ आहे, पण ही एक स्वच्छ झाली. ते पत्र तुला मिळालं असतं तर तुला कळलं असतं. मग वीस तारखेला तू बोललीस तर जाणूनबुजून बोललीस, आणि नाही बोललीस तर स्वतःच्या बहिणीला तू पकडून दिलंस. उद्या कुणीही विचारलं असतं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं? मी माझ्या मानेवरचं ओझं उचलून तुझ्या मानेवर ठेवत होते, आणि वर विचारत होते, काय करू. फार शहाणी तुझी बहीण.

आमचे तपासणीचे साहेब आज सकाळपर्यंत गावाला होते. तेवढे दिवस पत्र माझ्या पर्समध्ये होतं. काल आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती, ती तिने बाजूला ठेवली.

"ठमीला सांगितलंस?"

"नाही. आधी साहेबांना सांगणार."

"परक्या माणसाच्या तोंडून ऐकायला लावणार तिला? आधी तिला सांग. घरातलं आधी घरात."

मी समजावून बघितलं. तुला आधी न सांगणं हेच तुझ्या भल्याचं आहे असं म्हणाले. तिने विचारलं, "हे तुला नक्की माहीत आहे?" मी म्हटलं, नाही. मग म्हणाली, "आणि तिथे माणूस जगेल की नाही?" मी म्हटलं, तेही माहीत नाही. "मग एवढं शिकून तुम्हाला माहीत तरी काय असतं गं?" असं म्हणून ती आत गेली. कालपासून माझ्याशी बोललेली नाही. चहा मात्र करून ठेवते, बशी झाकून.

आज सकाळी साहेबांकडे गेले. नवा तक्ता भरून नेला होता. तिसऱ्या चौकोनावर खूण केली, आणि खाली शेऱ्याच्या जागी लिहिलं की ऑक्टोबरात हा नंबर माझ्या बहिणीचा आहे हे मला ठाऊक होतं आणि ठिपकाही मला दिसला होता. दोन वाक्यं. सहा महिने मी ती टाळली आणि लिहायला मिनिटही लागलं नाही.

साहेबांनी नऊही चित्रं माझ्यासमोर बघितली. बराच वेळ. त्यांनाही ठरवता आलं नाही, हे तुला सांगते. मग विचारलं, "तुमच्या बहिणीला माहीत आहे?"

मी म्हटलं, "नाही."

"फोन, निरोप, काही?"

"पत्र लिहिलंय. टाकलेलं नाही."

आणि बंद पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उघडलं नाही. आवक-जावकचा तारखेचा शिक्का मागवला आणि पाकीट जिथे चिकटवलंय बरोबर त्या जोडावर उमटवला, अर्धा वर, अर्धा खाली, म्हणजे आजपर्यंत ते टाकलेलं नव्हतं आणि कुणी फोडलेलंही नाही हे दिसावं. म्हणाले, "आता पाठवा." त्यांच्याबद्दल मी तुझ्यापाशी आजवर जे काही वाईट बोलले असेन, त्यातलं निम्मं परत घेते.

मला तपासणीवरून काढलं आहे. उद्यापासून तळमजल्यावर, जुन्या चित्रांच्या खोलीत. मी तपासलेले गेल्या दोन वर्षांचे सगळे तारे चष्मेवाले पुन्हा तपासणार. माझा पेला धुऊन त्यांनी माझ्या पिशवीत ठेवला, तेव्हा मात्र मला रडू आलं.

साहेब उद्या सकाळी तुला फोन करतील. भाषण रद्द करायचं की शेवटची पानं बदलून उभं राहायचं, हे तुझ्यावर सोडणार आहेत. दुर्बिणीचे तास ऑगस्टपर्यंत कुणालाच मिळायचे नाहीत. नेमणुकीचं त्यांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझ्या एका खुणेमुळे तुझी ती खुर्ची जाऊ शकते, हे मला दिसतंय. नाही दिसत असं म्हणणार नाही आता.

तेव्हा हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर तुला सगळं परक्याकडून कळलेलं असेल, कोरड्या शब्दांत. आईचं बरोबर असेल. मी हे करून तुला वाचवलं, की दुसऱ्यांदा फसवलं, याचा मला अजूनही निवाडा करता येत नाही. जिना चढताना वाटतं बरं केलं, उतरताना वाटतं वाईट केलं. माफी मागायचीसुद्धा हिंमत होत नाही, कारण कशाकशाची मागायची ते आतल्या पत्रात आहे आणि ते तू अजून वाचलेलं नाहीस. त्यात मी का केलं ते लिहायचा प्रयत्न केलाय. तुला आवडणार नाही ते. मलाही आवडलेलं नाही.

पण ते पाकीट इतक्यात फोडू नकोस. चौकशी होईल. तुला कधी कळलं, असं कुणीतरी विचारेल. तेव्हा ते बंद पाकीट, त्या शिक्क्यासकट, त्यांच्यासमोर ठेव. काही बोलू नकोस, नुसतं ठेव. ते संपलं की मग घरी जाऊन, दार लावून वाच.

माझ्यावर ओरडायला मात्र तोवर थांबू नकोस. आजच फोन कर, हवं ते बोल. मी मध्ये बोलणार नाही आणि तू ठेवेपर्यंत फोन ठेवणार नाही.

तुझी
ताई